इटलीत महिनाभर राहून इटालियन आणि चित्रं कशी शिकायची: सिएनाच्या अनुभवावरून

इटलीतल्या उन्हाळी कोर्सबद्दल मला कुणी विचारलं की पहिला प्रश्न व्हिसाचा असतो, दुसरा पैशांचा, आणि भाषेचं काय तर "तिकडे जाऊन शिकूच ना". माझ्या मते हे उलटं करायला पाहिजे. भाषा आधी, निघायच्या तीन-चार महिने आधीपासून, कारण आठवड्याला २० तास धरले तर चार आठवड्यांत वर्गातले ८० तास मिळतात, आणि ते जर चाओ (नमस्कार), ग्रात्सिए (धन्यवाद) आणि एक ते शंभर आकडे शिकण्यात गेले तर चित्रांपर्यंत पोचतो न पोचतो तोच परत यायची वेळ होते. मी सिएनाला गेले होते म्हणून उदाहरणं जास्त तिथलीच देते, पण फ्लॉरेन्स किंवा पेरुजाला जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

आधी गाव ठरवा, शाळा नंतर

फ्लॉरेन्सला उफिझी हे चित्रांचं म्युझियम आहे, मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा आहे, कॅथीड्रलवरचा ब्रुनेलेस्कीचा घुमट आहे, तिथे कलेची कमतरता कधीच पडणार नाही. पण उन्हाळ्यात गर्दी प्रचंड असते आणि तुम्ही तोडकंमोडकं इटालियन बोलायला लागलात की समोरचा लगेच इंग्लिशवर येतो, तो बिचारा मदतच करत असतो पण तुमची प्रॅक्टिस मात्र बुडते. पेरुजा आणि सिएना ही डोंगरावरची मध्यम गावं, आणि दोन्हीकडे खास परदेशी लोकांना इटालियन शिकवण्यासाठी म्हणून सरकारी विद्यापीठ आहे. पेरुजाहून असीसी ट्रेननं अगदी जवळ. सिएनाहून फ्लॉरेन्स बसनं सव्वा ते दीड तास, आणि बस ट्रेनपेक्षा बरी, कारण ती वर गावात सोडते, रेल्वे स्टेशन खाली टेकडीच्या पायथ्याशी आहे. माझं मत स्पष्ट आहे, पहिल्यांदा जाणार असाल तर छोट्या गावात राहा आणि शनिवार-रविवारी फ्लॉरेन्सला जा.

तारखांचं गणित आपल्याकडच्या लोकांना थोडं अडचणीचं पडतं. आपली सुट्टी एप्रिल-मे, तिकडचा उन्हाळा जून ते सप्टेंबर. शिकत असाल किंवा शिकवत असाल तर मे संपता संपता सुरू होणारी बॅच शोधा, तेव्हा ऊनही बेताचं असतं. जुलैत पारा ३५ च्या वर सहज जातो आणि जुन्या दगडी घरांत एसी असेलच असं नाही. ऑगस्टमध्ये १५ तारखेला फेर्रागोस्तोची सुट्टी, तिच्या आगेमागे कितीतरी छोटी दुकानं सरळ कुलूप लावून समुद्रावर जातात. सिएनाला जायचं असेल तर २ जुलै आणि १६ ऑगस्ट या दोन तारखा डोक्यात ठेवा, त्या दिवशी पालिओ म्हणजे घोड्यांची शर्यत असते, गावातल्या १७ कोंत्रादांपैकी (कोंत्रादा म्हणजे पेठच म्हणा, प्रत्येकीचा आपला झेंडा, आपलं चर्च, आपलं म्युझियम) १० जणींचे घोडे मुख्य चौकात तीन फेऱ्या मारतात आणि दीड मिनिटाच्या आत सगळं आटोपतं. बघण्यासारखंच आहे, पण त्या दिवसांत खोली मिळणं कठीण, मिळाली तर महाग, तेव्हा बुकिंग फार आधी करा.

शाळेला मेल टाकून काय विचारायचं

वेबसाइटवर सगळ्याच शाळा छान दिसतात. मेलमध्ये हे विचारा: एका वर्गात जास्तीत जास्त किती जण, लेव्हल टेस्ट कधी घेता, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कलेचा इतिहास इटालियनमध्ये शिकवता की इंग्लिशमध्ये, आणि त्यातले किती तास वर्गात स्लाइड्स बघण्यात जातात आणि किती तास प्रत्यक्ष चित्रासमोर. काही ठिकाणी "भाषा आणि कला" म्हणजे सकाळी व्याकरण आणि आठवड्यातून एकदा गाइडबरोबर चक्कर, बास. त्याला माझ्या लेखी कलेचा कोर्स म्हणता येत नाही. स्वतः चित्र काढायचं असेल तर स्टुडिओचे तास वेगळे असतात, त्यांची फी आणि सामानाचा खर्चही वेगळा, तेही विचारून घ्या.

इथून निघायच्या आधी ए-वन, म्हणजे अगदी सुरुवातीची लेव्हल संपवाच. मुंबईत इटलीच्या सरकारची सांस्कृतिक संस्था आहे, ऑनलाइन वर्गही भरपूर आहेत.

इटालियन मराठीतून शिका, इंग्लिशमधून नको

हे मला फार उशिरा कळलं म्हणून जरा जास्त लिहिते. आपण वही उघडतो आणि इटालियन शब्दापुढे इंग्लिश अर्थ लिहितो, आणि मग ज्या गोष्टी आपल्याला जन्मापासून येतात त्या अवघड होऊन बसतात. "मला कॉफी आवडते" बघा. इंग्लिशमधून गेलं तर अख्खं वाक्य उलटं करावं लागतं, इटालियनमध्ये ते "मी प्याचे इल काफ्फे", यातल्या मी चा अर्थच "मला" आहे आणि क्रियापद कॉफीप्रमाणे चालतं. चित्रं अनेक असली की "मी प्याच्योनो इ क्वाद्री", म्हणजे मला चित्रं आवडतात, आवडते चं आवडतात होतं ना, अगदी तसंच. माझ्या वर्गातल्या इंग्लिश बोलणाऱ्या मुली यावर दोन दिवस अडल्या होत्या.

भूतकाळाचंही तेच. बाई "सोनो आंदाता" म्हणते, पुरुष "सोनो आंदातो", म्हणजे मी गेले आणि मी गेलो. आणि "मी ती पाहिली, मी तो पाहिला" यात आपलं क्रियापद बघितलेल्या वस्तूप्रमाणे बदलतं, इटालियनमध्येही अशा वाक्यात "लॉ व्हिस्ता" आणि "लॉ व्हिस्तो" असं होतं. हा नियम पुस्तकात पान-पानभर समजावलेला असतो, आपल्याला एका मराठी वाक्यात कळतो. लिंगं तर आपल्याला तीन येतात, त्यांच्याकडे दोनच.

उच्चारात त आणि द आपलेच, दाताला जीभ लावून. इटालियनमधला झेड बऱ्याच शब्दांत चमच्यातल्या च सारखा असतो, म्हणून ग्रात्सिए, म्हणून पित्सा, आणि हा आवाज आपल्याला फुकटात मिळालाय. जोडाक्षरं मात्र नीट म्हणा, पेना म्हणजे दुःख आणि पेन्ना म्हणजे लिहायचं पेन, नोनो म्हणजे नववा आणि नोन्नो म्हणजे आजोबा. पत्ता, गल्ली, अड्डा म्हणणाऱ्याला हे जड नाही, फक्त लक्ष द्यायचं. आणि तू-तुम्हीचा फरक पाळा, वर्गात तू चालतं, पण घरमालकीण, दुकानदार, म्युझियममधली माणसं यांना "लेई" म्हणायचं.

कागदपत्रं

कोर्स ९० दिवसांपर्यंतचा असेल तर शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा) सी टाइप व्हिसा, त्यापेक्षा मोठा असेल तर डी टाइप, आणि मग तिथे पोचल्यावर आठ कामाच्या दिवसांत राहण्याच्या परमिटचा अर्जही करावा लागतो. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, एप्रिल-मेमध्ये अपॉइंटमेंटला खूप गर्दी असते तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्येच मागे लागा. शाळेचं अ‍ॅडमिशन लेटर, फी भरल्याची पावती, राहायची सोय, बँक स्टेटमेंट, किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स, आणि परतीनंतर निदान तीन महिने चालणारा पासपोर्ट, ज्यात दोन पानं कोरी हवीत. मला एका एजंटनं सांगितलं होतं की टुरिस्ट म्हणून भरा, सोपं पडतं. असं करू नका. शिकायला जाताय तर कारण शिक्षण असंच लिहा, शाळेचं पत्र असताना खोटं लिहायची गरजच काय.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. विमान फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला बदलून गेलात तर शेंगेनमध्ये शिरल्याची नोंद तिथे होते, इटलीत नाही, आणि मग इटलीत पोचल्यापासून आठ दिवसांत पोलिसांच्या ऑफिसात आल्याची नोंद द्यायची असते. हॉटेलात उतरलात तर ते काम हॉटेल करतं, घरात राहणार असाल तर शाळेच्या ऑफिसला पहिल्याच दिवशी विचारा.

राहणं, खाणं, आणि एक शब्द

जमत असेल तर कुटुंबात राहा. जेवणाच्या टेबलावर जे इटालियन येतं ते वर्गात येत नाही. मी शाकाहारी, त्यामुळे मला पहिल्याच दिवशी जो शब्द पाठ झाला तो "सेन्त्सा", म्हणजे शिवाय, विना. सेन्त्सा कार्ने, मांस नको. सेन्त्सा पेशे, मासे नकोत. नुसतं शाकाहारी म्हणून थांबू नका, ब्रोदो म्हणजे मटणाचिकनचं पाणी सूपमध्ये असू शकतं, तेही सांगा. बऱ्याच चीजमध्ये जनावराचं रेनेट (दूध घट्ट करायला वापरतात ते, जनावराच्या पोटातून काढलेलं) असतं, पार्मेजानोमध्ये तर असतंच, ज्यांना चालत नाही त्यांनी हे आधीच ठरवून ठेवा. बाकी खायला भरपूर आहे. सिएनाचा पिची हा जाडसर हातानं वळलेला पास्ता टोमॅटो-लसणाच्या सॉसमध्ये मिळतो, शिळ्या पावाचं आणि घेवड्याचं रिबोल्लिता मिळतं (मांस नाही ना विचारून घ्या), आणि बेसनाची भट्टीत भाजलेली चेचिना खाल्ली की घरच्या पोळ्याची आठवण येते. टस्कनीतला पाव अळणी असतो, तो बिघडलेला नाही, तसाच करतात. बिलात कोपेर्तो नावाची प्रत्येक माणसामागची रक्कम दिसली तर वाद घालू नका, ती बसण्याची असते. कॉफी काउंटरला उभं राहून प्या, स्वस्त पडते आणि गप्पाही होतात.

चित्रं कशी बघायची

आता मुख्य गोष्ट. यादी करून धावू नका. मी आठवड्याला दोनच कामं निवडायचे आणि त्यांच्याकडे तीन-तीनदा जायचे, वहीत चित्रातल्या वस्तूंची इटालियन नावं लिहायचे, मग वाक्यं. शब्दसंग्रह यानं जितका वाढला तितका अ‍ॅपनं वाढला नाही.

काही शब्द आधी शिकून जा. फ्रेस्को म्हणजे ताजं, चुन्याचा गिलावा ओला असतानाच रंग लावायचा, गिलावा वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा पुन्हा दगड होतो आणि रंग त्यातच अडकतो. म्हणून चित्रकार एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा लावायचा, त्या तुकड्याला जोर्नाता म्हणतात, म्हणजे दिवस. बाजूनं उजेड पडला की हे सांधे दिसतात, आणि एका चेहऱ्यावर अख्खा दिवस घालवलाय आणि आकाश मात्र एका दिवसात उरकलंय हे भिंतीवर वाचता येतं. अजिंठा बघितलेल्यांनी इथे जरूर तुलना करावी, तिथली चित्रं कोरड्या गिलाव्यावरची आहेत. दुसरा घोटाळा शतकांचा, क्वात्रोचेंतो म्हणजे शब्दशः चारशे, पण कलेत त्याचा अर्थ १४०० ची शंभर वर्षं, म्हणजे पंधरावं शतक. हे माहीत नसेल तर गाइडचं सगळं बोलणं शंभर वर्षांनी चुकतं.

सिएनात ड्यूचो या चित्रकाराची माएस्ता, म्हणजे सिंहासनावर बसलेल्या मेरीचं चित्र, चुकवू नका. ती १३०८ ते १३११ मध्ये रंगवली, आणि ९ जून १३११ ला चित्रकाराच्या घरापासून कॅथीड्रलपर्यंत तिची मिरवणूक निघाली, दुकानं बंद, घंटा वाजतायत, अख्खं गाव मागे. पालखीच्या गर्दीत चाललेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. नंतर तिचे तुकडे झाले, काही आज लंडनला आणि वॉशिंग्टनला आहेत. कॅथीड्रलची संगमरवरी चित्रांची फरशी वर्षातले काहीच महिने उघडी असते, तारखा बघून जा. आणि बाहेर एक प्रचंड अर्धवट भिंत दिसेल, चर्च आणखी मोठं करायचं होतं, १३४८ चा प्लेग आला आणि ते काम तिथेच राहिलं.

चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पर्समध्ये ओढणी ठेवा. फ्लॉरेन्सला उफिझी आणि डेव्हिडचं म्युझियम सोमवारी बंद असतं, तिकीट आधी ऑनलाइन काढा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी म्युझियम फुकट असतात, पण रांग बघता अभ्यासाला तो दिवस उपयोगाचा नाही.

एक चित्र पहिल्या आठवड्यात बघा आणि शेवटच्या आठवड्यासाठी राखूनही ठेवा. सिएनाच्या नगरपालिकेच्या जुन्या इमारतीत अँब्रोजो लोरेन्झेत्तीनं १३३८-३९ मध्ये चांगला आणि वाईट कारभार एकाच खोलीत समोरासमोर रंगवला. चांगल्या कारभाराच्या गावात छपरावर गवंडी काम करतायत, मास्तर मुलांना शिकवतायत, रस्त्यात नाच चाललाय. पहिल्यांदा गेले तेव्हा मला घरं आणि घोडे एवढेच शब्द ओळखू आले. वेशीच्या वर हवेत एक बाई तरंगते, सुरक्षितता तिचं नाव, एका हातात फाशी दिलेला माणूस आणि दुसऱ्या हातात लिहिलेला कागद. ते लॅटिन नाही, त्या काळच्या लोकांचं इटालियन आहे, आपल्याला यादवांच्या काळातली मराठी जेवढी कळते साधारण तेवढं कळतं. चौथ्या आठवड्यात शब्दकोश घरी ठेवून गेले, मान वर करून पहिली ओळ वाचायला लागले, आणि पहिलाच शब्द रोज जेवताना म्हणायचे तोच होता. सेन्त्सा पाउरा. भीतीशिवाय. प्रत्येकानं मोकळेपणानं चालावं, असं पुढे लिहिलंय.