बंदोबस्तामुळे गर्दी घटली की वाढली, हे कसं तपासायचं

फुटबॉलच्या मैदानावर मारामारी होते. मग झडती, कॅमेरे, ओळखपत्राची सक्ती येते आणि पुढच्या हंगामात कुणीतरी आधीची व नंतरची सरासरी शेजारी मांडून निकाल देऊन टाकतं. मीही बरीच वर्षं माझ्या वहीत हेच करत होते. ते चुकीचं आहे.

आधी विचारा, आकडा कशाचा? बरेच क्लब विकलेली तिकिटं मोजतात. हंगामी तिकीट घेतलेला माणूस भीतीनं घरी बसला तरी तिथे तो हजरच असतो. फाटकातून आत गेलेल्यांचा आकडा मिळाला तर तोच घ्या. नाहीच मिळाला, तर सामन्यागणिक सुटी विकली गेलेली तिकिटं वेगळी काढून बघा.

मग सक्तीचे सामने बाजूला करा. फेब्रुवारी 2007 मध्ये कातानियातल्या दंगलीत पोलीस अधिकारी मारला गेला आणि इटलीत सुरक्षेच्या अटी न पाळणारी मैदानं प्रेक्षकांना बंद झाली. ती शून्यं सरासरीत धरलीत तर लोकांनी पाठ फिरवली असं वाटेल. प्रत्यक्षात त्यांना आतच सोडलं नव्हतं. उलट बाजूचं उदाहरण फेनरबाचे या तुर्की क्लबचं. शिक्षा म्हणून सप्टेंबर 2011 मध्ये एका सामन्याला फक्त बायका आणि लहान मुलांना प्रवेश होता. 41,000 हून अधिक जण आले. मला तो दिवस फार मोलाचा वाटतो, पण तिकीट फुकट होतं, हे त्या आकड्याशेजारी लिहायलाच हवं.

उपाय येण्याआधीचा कल बघणं सगळ्यात महत्त्वाचं. इंग्लंडच्या लीगला 1948-49 मध्ये 4 कोटी 12 लाख प्रेक्षक होते, 1985-86 मध्ये सुमारे 1 कोटी 65 लाख उरले. पुढच्याच हंगामापासून आकडा चढू लागला. हिल्सबरो मैदानावरची जीवघेणी चेंगराचेंगरी 1989 ची, तिच्या चौकशीचा टेलर अहवाल 1990 चा. मोठ्या मैदानांवर सगळ्यांना खुर्च्या त्यानंतर आल्या. मग वाढीचं सगळं श्रेय खुर्च्यांना कसं द्यायचं? शिवाय खुर्च्यांनी जागाच कमी होते. अशा वेळी मैदान किती टक्के भरलं ते मोजा.

हात बसवायला ल्युटन टाउन हा इंग्लिश क्लब घ्या. मार्च 1985 मध्ये लंडनच्या मिलवॉल क्लबबरोबरच्या सामन्यात तिथे मोठी दंगल झाली. 1986-87 पासून चार हंगाम क्लबनं पाहुण्या प्रेक्षकांना बंदी घातली आणि आपल्या सदस्यांना कार्डं दिली. इथे पाहुण्यांची जागा रिकामी राहिली तर तेवढी घट ही निव्वळ वजाबाकी आहे, तिला परिणाम म्हणू नका. प्रश्न यजमानांचा: ज्यांना भीती वाटत होती, ते परतले का? पण त्याच पहिल्या हंगामात संघ सातवा आला, 1988 मध्ये तर लीग कप जिंकला. जिंकणाऱ्या संघाकडे लोक येतातच. म्हणून त्याच विभागातला, साधारण तेवढ्याच ताकदीचा पण बंदी नसलेला क्लब शेजारी ठेवा. तेच प्रतिस्पर्धी, जमल्यास तोच वार. एवढं केल्यावर जो फरक उरेल, त्याबद्दलच बोला.

शेवटी उपायाचा भार कुणावर पडतो ते नोंदवा. तुर्कस्तानात 2014 मध्ये वरच्या दोन विभागांच्या सामन्यांना पासोलिग हे इलेक्ट्रॉनिक कार्ड सक्तीचं झालं. समर्थक गटांनी बहिष्कार टाकला, स्टँड ओस पडले. इंग्लंडमध्ये न्यायालय ठरावीक हुल्लडबाजाला मैदानबंदी करतं. बाकीच्यांना त्याची झळ नाही. माझं मत स्पष्ट आहे: सरसकट सगळ्यांना संशयित ठरवणारा उपाय आधी सामान्य प्रेक्षक घालवतो. एकदा भाचीला घेऊन मी झडतीच्या रांगेत इतका वेळ उभी होते की आत पोहोचेपर्यंत पहिला गोल होऊन गेला होता. तिनं पुन्हा यायचं नाव काढलं नाही. त्या दिवसाच्या आकड्यात मात्र आम्ही दोघी आहोत.

म्हणून तक्ता पूर्ण झाला की जे यायचे थांबले त्यांतल्या निदान दहा जणांना गाठा. कधीपासून येत नाही, शेवटच्या वेळी फाटकावर किती वेळ गेला, सोबत कोण होतं, हे विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.