मांड पक्की होते ती पकड सुटल्यावर

ठाणे-नवी मुंबईतल्या बहुतेकांची घोड्याशी पहिली ओळख माथेरानला झालेली असते. घोडेवाला लगाम धरून पुढे, आणि आपण खोगिराची पुढची कडी दोन्ही हातांनी आवळून वर. त्या तासाभरात शरीर तीन गोष्टी शिकतं: पाय पुढे फेकायचे, पाठीला पोक काढायचा, हातांनी काहीतरी धरून ठेवायचं. रायडिंग क्लासचा पहिला महिना बराचसा हेच विसरण्यात जातो. त्यात आपल्याकडे ‘मांड ठोकून बसणे’ हा वाक्प्रचार, जो नवशिक्याला नेमकं उलटं सुचवतो. घोड्यावर ठोकायचं, दाबायचं, आवळायचं काही नसतं. वजन खाली सोडायचं असतं.

गुडघे आवळले की काय होतं ते पाहा. गुडघा खोगिराला चिकटला की तो खिळ्यासारखं काम करतो आणि त्याच्याखालचा पाय मागे झुलू लागतो. टाच वर येते. टाच वर आली की धड पुढे कलतं. कललेलं धड सावरायला हात लगाम ओढतात. कडियाळ, म्हणजे लगामाचा घोड्याच्या तोंडातला लोखंडी दांडा, टोचलं की घोडा मान झटकतो किंवा वेग वाढवतो. वेग वाढला की स्वार घाबरून गुडघे आणखी आवळतो. हे चक्र सुरू झालं की ‘टाचा खाली!’ असं ओरडून उपयोग नसतो, कारण टाच ही मधली कडी, सुरुवात गुडघ्यात आहे. गुडघा सैल केला की टाच आपोआप उतरते. मुद्दाम दाबून खाली नेलेली टाच घोट्याला ताठ करते, आणि ताठ घोट्यातून प्रत्येक धक्का थेट कमरेत जातो.

बाइक चालवणाऱ्यांना हे जास्त जड जातं. टाकीला गुडघे लावून बसायची सवय, आणि वळणावर आतल्या बाजूला झुकायची. घोडा वळताना तुम्ही झुकलात तर त्याचा आतला खांदा दबतो, तो वळण कापतो आणि तुमची आतली कंबर घडी पडल्यासारखी मोडते. वळणावर धड उभंच ठेवा. नजर जिथं जायचं त्या दिशेला, छाती तिच्या मागोमाग, बस. बाइकचं हेल्मेटही घरी ठेवा. ते जड असतं आणि मागून मानेला अडतं. घोडेस्वारीचं हेल्मेट वेगळं मिळतं, त्याचा हनुवटीचा पट्टा बोटभर सैल चालेल, जास्त नको.

घोड्यावर चढण्याआधी दोन मिनिटं रिकिबींना, म्हणजे पाय ठेवायच्या कड्यांना, द्या. रिकिबीचा चामडी पट्टा खोगिराला जिथं अडकतो तिथं बोटांची टोकं टेकवा आणि पट्टा हाताच्या खालून ताणून धरा. रिकिबीचं लोखंड बगलेत पोचलं तर लांबी साधारण बरोबर. चढल्यावर पाय रिकिबीबाहेर मोकळे सोडा. रिकिबीची तळपट्टी घोट्याच्या हाडाच्या आसपास लागली पाहिजे. रिकीब फार लांब असेल तर तुम्ही चवड्यावर उभं राहून तिला शोधत राहाल, फार आखूड असेल तर खुर्चीत बसल्यासारखं होईल. दोन्ही बाजूंची भोकं मोजून समान आली म्हणून निश्चिंत होऊ नका. रोज डावीकडूनच चढल्यानं डावा पट्टा ताणून लांब होतो. म्हणून दोन्ही पट्टे अधूनमधून अदलाबदल करायचे असतात. क्लासमध्ये हे कोणी करत नसेल तर विचारा, विचारण्यात कमीपणा नाही.

जुन्या मराठी फौजेत शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे, बारगिराला सरकारी मिळे. शिकाऊ स्वार हा बारगीरच. आज हा घोडा, उद्या तो, खोगीरही वेगळं. त्यामुळे हे मोजमाप दर वेळी नव्यानं करायचं. तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, तोही दोनदा तपासायचा, चढण्यापूर्वी आणि पाचेक मिनिटं चालवून झाल्यावर. बरेच घोडे तंग कसताना पोट फुगवतात आणि नंतर सोडतात.

आता प्रत्यक्ष बैठक. घरी लाकडी स्टुलावर बसा, तळहात वर करून दोन्ही हात बैठकीखाली सरकवा. दोन टणक हाडं बोटांना लागतील. ओटीपोट पुढे कलंडलं की ती मागे सरकतात आणि कमरेत खळगा पडतो. मागे कलंडलं की ती पुढे येतात आणि पाठीला बाक येतो. या दोहोंच्या मधे एक जागा अशी मिळते जिथं हाडं सरळ खाली टोचतात. तीच जागा खोगिराच्या सर्वांत खोल भागावर हवी. बाजूनं पाहणाऱ्याला कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत दिसली पाहिजेत, आणि कोपरापासून कडियाळापर्यंत दुसरी सरळ रेषा. पडताळा सोपा आहे: आत्ता घोडा खालून नाहीसा झाला तर तुम्ही पायांवर उभे राहाल की ढुंगणावर आपटाल? मात्र खोगीरच मागे उताराचं असेल तर कितीही सावरलं तरी पाय पुढे जाणार. तो दोष तुमचा नाही.

चालीत, म्हणजे चार ठोक्यांच्या साध्या चालण्यात, घोड्याचा डावा मागचा पाय उचलून पुढे येतो तेव्हा पाठीची डावी बाजू किंचित खाली जाते आणि पोट उजवीकडे झुलतं. शिक्षकानं लंजच्या, म्हणजे गोल फिरवायच्या लांब दोरीवर घोडा धरलेला असताना डोळे मिटा आणि जी बाजू खाली जाईल तिचं नाव घ्या: डावा, उजवा, डावा, उजवा. सुरुवातीला चुकाल, पाचसात फेऱ्यांत जमेल. ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये दांडीला न लोंबकळता उभे राहणारे हे लवकर पकडतात. रूळ बदलताना त्यांचे गुडघे आपोआप ढिले होतात, इथंही तेच करायचं असतं.

दुडकीत, म्हणजे ट्रॉटमध्ये, खरी परीक्षा. इथं तिरपे पाय जोडीनं पडतात, दोन ठोके. रायझिंग ट्रॉटमध्ये, म्हणजे एका ठोक्याला उठून दुसऱ्याला बसायचं तेव्हा, उठायचं ते रिकिबीवर जोर देऊन नाही. घोडाच वर फेकतो, आपण फक्त कंबर पुढे जाऊ द्यायची, लगामाच्या दिशेनं, छताच्या दिशेनं नाही. बसताना धपकन नाही. तिथं खाली घोड्याची पाठ आहे. घोड्याचा भिंतीकडचा, म्हणजे रिंगणाच्या बाहेरच्या बाजूचा, पुढचा पाय पुढे जातो तेव्हा वर, जमिनीवर टेकतो तेव्हा खाली. चुकलं तर दोन ठोके बसून राहा आणि पुन्हा उठा, बाजू बदलते. हे बघायला मान खाली घालू नका. डोकं चार-पाच किलोंचं असतं, ते पुढे गेलं की सगळी रेषा मोडते. डोळ्यांच्या कोपऱ्यातून घोड्याचा खांदा दिसतो, तेवढं पुरे.

तोल खरा आहे की नुसता ताल पकडलाय, हे एका युक्तीनं कळतं. ‘वर-वर-खाली’ करा: दोन ठोके उभे, एक बसलेला. ज्याचे पाय पुढे आहेत तो दुसऱ्या ‘वर’ला मागे कोसळतो. ज्याची टाच मागे गेलीय तो मानेवर येतो. कोसळताना लगाम धरू नका, आयाळ धरा किंवा घोड्याच्या गळ्याभोवतीचा गळपट्टा. घोड्याचं तोंड हा आधाराचा कठडा नाही.

हात अंगठे वर, दोन्हींत मुठीएवढं अंतर. बहुतेक जण हात ‘स्थिर’ ठेवायचे म्हणून कोपर गोठवतात, आणि मग शरीराबरोबर हातही वरखाली होतात. उलटं हवं. तुम्ही उठता तेव्हा कोपर उघडतं, बसता तेव्हा मिटतं, आणि मुठी जागच्या जागी राहतात. कटिंगचा भरलेला ग्लास गर्दीतून नेताना हात जसा राहतो, तसा.

रिकिबीशिवाय सराव उत्तम, पण पहिल्यांदा पाच मिनिटंच. रिकिबी खोगिराच्या पुढून आडव्या टाका, आणि पट्ट्याचं बक्कल आधी थोडं खाली ओढून घ्या, नाहीतर मांडीखाली गाठ टोचते. मांडीचे आतले स्नायू थकले की ते आवळायला लागतात, त्या क्षणी थांबा. थकून केलेला सराव चुकीची सवय पक्की करतो. श्वास रोखलात तरी असंच होतं, म्हणून मोठ्यानं ठोके मोजा. मोजताना श्वास रोखता येत नाही.

घोडबंदर रोडवर तासभर गाडीत अडकून थेट खोगिरात बसाल तर कमरेचे पुढचे स्नायू आखडलेले असतात. मांडी खाली सुटतच नाही, गुडघा वर चढतो. दिवसभर ऐरोली-महापेला लॅपटॉपसमोर बसणाऱ्यांचं हेच दुखणं. सूर्यनमस्कारात एक पाय लांब मागे टाकून छाती उघडतो ती अवस्था, जिला अश्वसंचालनासनही म्हणतात, प्रत्येक बाजूला तीस सेकंद, दोनदा. मग जिन्याच्या पायरीवर चवडे टेकवून टाचा खाली सोडायच्या, तीस सेकंद. खांद्याची बॅग रोज एकाच बाजूला लटकवत असाल तर बाजू बदला. एक रिकीब सतत लांब वाटते ती बरेचदा त्यामुळेच.

कपड्यांचं थोडक्यात: जीन्सची शिवण मांडी सोलते, आणि बिनटाचेचे बूट रिकिबीतून आरपार सरकू शकतात. बुटाला दीडेक सेंटीमीटर टाच हवी. आपल्या दमट हवेत लगाम घामानं निसटतो, तेव्हा हातमोजे घ्या.

पाहून शिकायचं असेल तर 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेतली भारतीय ड्रेसाज (घोड्याकडून ठरलेल्या हालचाली तालात करून घ्यायचा प्रकार) संघाची सुवर्णपदकाची राइड पाहा. पण आवाज बंद करून, आणि घोड्याच्या पायांकडे न बघता स्वाराच्या कमरेकडे बघत. काहीच हलत नाही असं वाटेल. नीट पाहिलं की कळतं, कंबर प्रत्येक ठोक्याला हलतेय, म्हणून बाकीचं स्थिर दिसतंय.

उतरताना आधी दोन्ही पाय रिकिबीबाहेर, मगच उजवा पाय मागून फिरवायचा. गुडघे वाकवून जमिनीवर या. तंग सैल करून खोगीर उतरवलं की लगेच घोड्याच्या पाठीवरचा घामाचा ठसा बघा. एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला फिका असेल तर तुम्ही एकीकडे जास्त बसताय. खोगिराचा किंवा त्या घोड्याचाही दोष असू शकतो. पुढच्या वेळी वेगळा घोडा, वेगळं खोगीर असताना पुन्हा बघा. तोच ठसा त्याच बाजूला उमटला तर शिक्षकाला बोलावून दाखवा, पण अंग घासायचा खरारा फिरण्याआधी.