टर्न हाताने फिरवायचा नसतो

सेन्शुअल बचाटा हा जोडीने करायचा नाच शिकायला लागल्यावर वर्षभर मी पार्टनरला हाताने फिरवत होतो. तिचा तोल जायचा, टॅप (पाय नुसता टेकवणं) चुकायचा, आणि पुढच्या वेळी मी आणखी जोर लावायचो. एकदा क्लासमध्ये अदलाबदल झाली, मी फॉलो झालो, म्हणजे समोरच्या लीडच्या इशाऱ्यावर नाचणारा. समोरच्याने माझी बोटं आवळली, हात डोक्यावरून ओढला, आणि माझा खांदा कानापर्यंत वर गेला. वळायला पायच मोकळा नव्हता. चूक कुठे होतेय, ते तेव्हा अंगाला कळलं.

बचाटा आठच्या मोजणीवर नाचतात. टर्न १ वर सुरू होत नाही, त्याची तयारी आधी होते. फॉलोचा साधा उजवा टर्न घ्या. ५-६-७ ला ती डावीकडे जाते, ८ ला उजव्या पायाने टॅप करते. टॅपवर वजन नसतं, म्हणजे सगळा भार डाव्या पायावर आणि उजवा पाय मोकळा. लीडने ७-८ दरम्यान हलकासा प्रेप, म्हणजे टर्नआधीचा इशारा, द्यायचा: तिचं वरचं अंग किंचित डावीकडे वळेल इतकाच. मग हात तिच्या डोक्यावर न्यायचा आणि थांबायचं. १-२-३ मध्ये वळते ती, ४ ला टॅप तीच करते. तुमची बोटं हुकासारखी सैल हवीत, तिचा हात त्यांच्यात फिरायला हवा. अंगठ्याने दाबून धरलंत तर मनगट पिरगळतं. याबाबत मी फार कडक आहे.

फॉलोसाठी: पावलं लहान, भार चवड्यावर, कोपर चेहऱ्यापुढे. हात मागे गेला की खांद्यावर ताण येतो. स्पॉटिंग (वळताना नजर एकाच बिंदूवर ठेवणं) जरूर शिका, पण आधी तोल.

कोर्के आणि ज्युडिथ या जोडीने स्पेनमध्ये घडवलेल्या या शैलीत टर्ननंतर बहुतेकदा वेव्ह, म्हणजे अंगातून लाटेसारखी जाणारी हालचाल, येते, आणि नवे लीड तिथे हमखास घाई करतात. ४ चा टॅप पडून ती स्थिर झाल्याचं जाणवल्यावरच छातीतून वेव्ह सुरू करा. तिचं डोकं फिरवणाऱ्या मूव्ह्ज मात्र अनोळखी पार्टनरसोबत नकोच. मानेला इजा होऊ शकते.

मला सगळ्यात उपयोगी पडलेला सराव असा: तळहाताला तळहात टेकवायचा, बोटं अजिबात गुंतवायची नाहीत, आणि संथ गाण्यावर फक्त बेसिक (साधी पावलं) आणि एकच टर्न. हात सुटला, तर कुणीतरी ओढलं. आम्ही रोज १५ मिनिटं करायचो. पहिल्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक टर्नला हात सुटायचा.