रेडकॅपमध्ये एडिट चेक लावायच्या आधी काय काय हाताशी हवं

रेडकॅप म्हणजे क्लिनिकल स्टडीचा डेटा भरायचं सॉफ्टवेअर, आणि एडिट चेक म्हणजे त्यात भरलेली चुकीची नोंद पकडणारा रूल. प्रोजेक्ट उघडून लगेच रूल टाइप करायला बसू नका, आधी प्रोटोकॉल (स्टडीचा लेखी आराखडा) आणि सीआरएफ (पेशंटची माहिती भरायचे फॉर्म) शेजारी ठेवून एक एक्सेल बनवा, त्यात चेकचा नंबर, कुठल्या फॉर्मवरचं कुठलं फील्ड, काय झालं की क्वेरी, म्हणजे नोंद तपासायला सांगणारी शंका, पडणार आणि क्वेरीचा मजकूर एवढं तरी हवंच. मजकुरात ‘व्हॅल्यू चुकीची’ लिहून साइटवरच्या (जिथे पेशंट बघतात त्या हॉस्पिटलातल्या) कोऑर्डिनेटरला काहीही कळत नाही, ‘व्हिजिटची तारीख कन्सेंटच्या आधीची दिसतेय, दोन्ही तारखा सोर्समध्ये बघा’ असं लिहा (कन्सेंट म्हणजे पेशंटची लेखी संमती, सोर्स म्हणजे मूळ कागद).

मग लॅबकडून युनिट लेखी मागवा. हिमोग्लोबिन एका लॅबकडून १२.५ ग्रॅम पर डेसिलिटर येतं, दुसरीकडून तेच १२५ ग्रॅम पर लिटर, त्यामुळे युनिटचं वेगळं फील्ड असल्याशिवाय रेंज लावूच नका. आणि नॉर्मल रेंज सरळ उचलून चेकमध्ये टाकू नका, ॲनिमियाच्या स्टडीत १२ च्या खाली क्वेरी पडायला लागली तर जवळजवळ प्रत्येक पेशंटला पडेल आणि खरी चूक त्या ढिगात हरवेल.

मिनिमम-मॅक्सिमम टाकलं की झालं असंही नाही, रेडकॅप तिथे फक्त वॉर्निंग देतं, व्हॅल्यू सेव्ह होतेच. म्हणून रेडकॅपच्या डेटा क्वालिटी या भागातला रेंजबाहेरच्या व्हॅल्यूंचा तयार रूल दर आठवड्याला कोण चालवणार ते नाव आजच ठरवा. जुन्या आजाराचं पेशंटला नुसतं साल आठवतं आणि डेट फील्ड अर्धवट तारीख घेत नाही, तिथे दिवस, महिना, वर्ष वेगळी फील्ड ठेवा.

तारखांच्या रूलला मात्र निवांत वेळ द्या. डेटडिफ (दोन तारखांमधला फरक काढणारं फंक्शन) लिहिताना साइन्ड व्हॅल्यूसाठी, म्हणजे उणे चिन्हही दिसावं म्हणून, ‘ट्रू’ दिलं नाही तर फरक कायम पॉझिटिव्हच येतो, म्हणजे व्हिजिट कन्सेंटच्या ३ दिवस आधी असो नाहीतर ३ दिवसांनी, उत्तर ३च. आमच्या एका स्टडीत ‘शून्यापेक्षा कमी’ असा रूल होता, कित्येक महिने रूलने पकडलेली एकही डिस्क्रेपन्सी (विसंगती) नाही म्हणून आम्ही निश्चिंत, आणि साइट तपासणाऱ्या मॉनिटरने फाइल उघडल्यावर दोन पेशंटचं रक्त कन्सेंटवरच्या सहीच्या आधी घेतल्याचं निघालं. माणसाने हो म्हणायच्या आधी त्याला सुई टोचली गेली होती आणि आमचा रूल गप्प होता, तेव्हापासून कुठल्याही स्टडीत मी हाच चेक सगळ्यात आधी टेस्ट करते.

टेस्टिंगला प्रत्येक रूलसाठी चार डमी पेशंट घ्या, एक बरोबर, एक चूक, एक अगदी हद्दीवरचा, एक फील्ड रिकामं ठेवलेला, आणि रिकाम्यावर रूल काय करतो ते नीट बघा, बहुतेक नको त्या क्वेऱ्या तिथूनच येतात.

प्रोजेक्ट प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या पेशंटच्या डेटासाठी, टाकताना डमी उडवा आणि डेटा डिक्शनरीची (सगळ्या फील्डच्या यादीची) सीएसव्ही उतरवून ठेवा, पण कस्टम रूल त्या फाइलमध्ये येत नाहीत, ते सुरुवातीच्या एक्सेलमध्येच ठेवा, तारखेसकट आणि कोणी बदलले ते लिहून.