पावसाळ्यातला सह्याद्री ऑइलमध्ये रंगवताना हिरव्याला आवरायचं कसं

जुलैमधला घाट रंगवायला घेतला की सगळ्यात जास्त छळतो तो हिरवा रंग. ट्यूबमधला सॅप ग्रीन किंवा व्हिरिडियन तसाच लावला तर डोंगरावर प्लास्टिकचं गवत अंथरल्यासारखं दिसतं. त्यामुळे हिरव्याला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी.

आधी कॅनव्हासचा पांढरेपणा घालवा. बर्न्ट सिएना, म्हणजे लालसर तपकिरी रंग, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळीकडे फासायचा, फडक्याने पुसून घ्यायचा आणि वाळू द्यायचा. हा लालसर तळ पुढे स्ट्रोकच्या फटींतून डोकावत राहतो आणि त्याच्याशेजारी हिरवा आपोआप खुलतो, शिवाय कोकणात उतरलात तर तिथली जांभ्याची माती तशीही लालच असते, म्हणजे अर्धं काम फुकटात झालं.

मग डोळे किलकिले करून बघा. रंग विसरा, फक्त उजेड-अंधार बघा. ढगाळ दिवसात आकाश सगळ्यात उजळ, त्याखालोखाल भातखाचरं, कारण ती आडवी असतात आणि आकाशाचा उजेड थेट झेलतात, मग डोंगराचे उतार, आणि उभी झाडं सगळ्यात गडद. खाचरात पाणी साठलेलं असेल तर तो तुकडा जवळपास आकाशाइतकाच उजळ. हे टोन, म्हणजे उजेड-अंधाराच्या पायऱ्या, जमले तर रंग थोडाफार चुकला तरी चित्र उभं राहतं, टोन चुकले तर मात्र कितीही भारी रंग वापरा, काही उपयोग नाही.

आता हिरवे. भाताच्या कोवळ्या रोपांना लेमन यलोत किंचित व्हिरिडियन, गवताळ उतारांना यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि अल्ट्रामरीन निळा, आणि झाडांच्या आतल्या अंधाराला व्हिरिडियनमध्ये क्रिमसन लाल, हा जवळजवळ काळाच होतो पण मेलेला काळा वाटत नाही. आयव्हरी ब्लॅकमध्ये पिवळा घालून बघाच, मस्त ऑलिव्ह हिरवा मिळतो, शेवाळलेल्या कातळाला एकदम फिट. कुठलाही हिरवा फार ओरडायला लागला की त्यात चिमूटभर बर्न्ट सिएना टाका, लगेच गप्प बसतो.

लांबच्या रांगांना हिरवा जवळपास नकोच. अल्ट्रामरीन, टायटॅनियम व्हाइट आणि थोडा सिएना मिळून जो निळसर राखाडी होतो तो घ्या, प्रत्येक मागच्या रांगेला पांढरा वाढवत जा आणि कडा बोथट करत जा. सह्याद्रीचे सपाट माथे आणि बेसाल्टचे आडवे थर जवळच्या डोंगरावर दाखवा, मागच्यावर मोह आवरा. धुकं काढायचं तर खालचा रंग ओला असतानाच कोरड्या मऊ ब्रशने कडा हलकेच ओढा, किंवा पूर्ण वाळल्यावर राखाडी पांढरा अगदी कमी घेऊन कोरड्या ब्रशने घासा. अर्धवट वाळलेल्या थरावर घासाघाशी करू नका, चिखल होतो.

थरांचा नियम एकच, खाली टर्पेंटाइन जास्त, वर जाताना जवसाचं तेल वाढवत न्यायचं. उलटं केलंत तर वरचा थर आधी वाळून कडक होतो, खालचा सावकाश वाळत हलत राहतो, मग तडे जातात. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), सिएना लवकर वाळतात म्हणून ते तळाला चांगले, आयव्हरी ब्लॅक फार हळू वाळतो, तो खाली जाड लावू नका. पावसाळी दमट हवेत सगळंच रेंगाळतं, तेव्हा दोन बैठकांमध्ये भरपूर दिवस जाऊ द्या. जाड नाइफवर्क, म्हणजे सुरीने लावलेला रंग, असेल तर व्हार्निशला सहा महिने ते वर्षभर थांबा.

आणि हो, जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.