तान्ह्या बाळाचे झटके थांबत नसतील तर व्हिटॅमिन बी६ चं विचारा
हात-पाय लयीत उडतोय, हाताने धरला तरी थांबत नाही, डोळे एकाच बाजूला खिळलेत, तर पटकन मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि लगेच निघा, सिन्नर-इगतपुरीकडचे असाल तर नाशिकला एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आहे तिथे. शुगर, कॅल्शियम, मॅग्नेशियम आधी बघतातच. पण फेनोबार्बिटोन (झटक्यांचं नेहमीचं औषध) देऊनही झटके येतायत तर स्पष्ट विचारा, डॉक्टर, बी६ देऊन बघितलं का? काही बाळांचे झटके बी६ नेच थांबतात. पायरिडॉक्सिन, म्हणजे हेच बी६, साधारण 100 मिग्रॅ शिरेतून देतात, मॉनिटर लावूनच, कारण श्वास थांबू शकतो, त्यामुळे घरी गोळी कुटून अजिबात देऊ नका. लगेच फरक दिसला नाही तरी काही दिवस तोंडाने चालू ठेवतात, काही बाळांना पायरिडॉक्सल फॉस्फेटच (बी६ चंच दुसरं रूप) लागतं. रक्त-लघवीचं सॅम्पल राखून ठेवायला सांगा, जीनचा रिपोर्ट यायला वेळ लागतो, तोवर बी६ बंद करू नका. बायोटिनिडेज (एका एन्झाइमची रक्ततपासणी) आणि पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यातली शुगर, हेही विचाराच.