कावळ्याचं घरटं: आत डोकावू नका, शेपूट बघा

मार्च संपता संपता एखादा कावळा चोचीत काटकी घेऊन सरळ रेषेत उडताना दिसला की हंगाम सुरू झाला असं धरा. मुंबईत गावकावळ्याची वीण मुख्यतः एप्रिल ते जून, थोडीफार जुलैपर्यंत चालते. निरीक्षणाला यापेक्षा सोपा पक्षी शहरात नाही, कारण तो आपल्याच खिडकीसमोर घर बांधतो. अडचण एकच: घरटं उंच असतं आणि आतलं काही दिसत नाही. बहुतेक लोक इथेच चुकतात. आत अंडी आहेत का, पिल्लं किती, हे पाहायला गच्चीच्या कठड्यावर चढतात, काठीला मोबाइल बांधतात आणि कावळ्यांच्या चोची खातात. त्याची काही गरज नसते. आत काय चाललंय ते काठावरच्या कावळ्याच्या वागण्यावरून कळतं.

आधी पक्षी नक्की करा. मान आणि छाती राखाडी असेल तर गावकावळा. सगळा काळाकुळीत, चोच जाड आणि आवाज घोगरा असेल तर डोमकावळा. त्याचा हंगाम आपल्याकडे आधी, डिसेंबर ते एप्रिलच्या सुमारास येतो. त्यामुळे जानेवारीत घरट्यावर बसलेला कावळा दिसला तर लगेच ‘गावकावळ्याने लवकर घरटं केलं’ असं लिहू नका. नर-मादी मात्र दिसायला सारखेच. ‘मादी बसली होती’ असं वहीत लिहायचा मोह आवरा, ‘एक बसलेला’ एवढंच लिहा.

घरटं शोधणं

सकाळी सहा ते आठ ही वेळ. काटकी नेणाऱ्या कावळ्याच्या मागे धावायचं नाही, तो इमारतीआड जातो आणि तुम्ही रस्त्यात उभे राहता. एका जागेवरून तो कुठल्या दिशेला गेला ते खूण करून ठेवा: समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी, मोबाइलचा टॉवर, काहीही. दुसऱ्या दिवशी पन्नासएक पावलं बाजूला उभे राहा आणि पुन्हा दिशा बघा. दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथलं झाड तपासा.

गुलमोहर एप्रिलमध्ये बऱ्यापैकी बोडका असतो, त्यावरचं घरटं खालूनही दिसतं. सोनमोहर, आंबा आणि वडाच्या दाट पानांत ते फांदीच्या बेचक्यात दडतं. शिवाजी पार्कच्या कडेचे पर्जन्यवृक्ष इतके उंच आणि पसरट आहेत की तिथे समोरच्या इमारतीचा तिसरा-चौथा मजला मिळाला तरच काम जमतं. नारळावरचं घरटं झावळ्यांच्या बुडात असतं, नवशिक्याने त्याच्या नादी लागू नये. विजेचे खांब आणि टॉवरही कावळ्यांना चालतात.

दोन गफलती हमखास होतात. संध्याकाळी पन्नास-शंभर कावळे एका झाडावर गोळा होतात, ती रात्रीची वस्ती, तिचा घरट्याशी संबंध नाही. दुसरी गफलत म्हणजे मागच्या वर्षीचं मोडकं घरटं चालू समजणं. चालू घरट्यावर दिवसातून अनेकदा ये-जा असते. सलग दोन सकाळी अर्धा-अर्धा तास बघूनही कोणी आलं नाही, तर ते जुनं.

बसायची जागा आणि सामान

घरट्याच्या पातळीला किंवा किंचित वरून बघता येईल अशी जागा हवी. खालून फक्त काटक्यांचा तळ दिसतो. समोरच्या इमारतीची जिन्याची खिडकी सर्वांत उत्तम, पडदा असेल तर सोन्याहून पिवळं. अंतर किमान पंधरा-वीस मीटर ठेवा. तुमच्याच गॅलरीला लागून घरटं असेल तर बाहेर उभं राहण्याऐवजी खोलीत आत, अंधाऱ्या बाजूला बसा.

अंतर बरोबर आहे की नाही हे कावळाच सांगतो. तो तुमच्याकडे मान वळवून जोरात ओरडू लागला, फांदीवर चोच आपटू लागला, की तुम्ही जवळ आहात. घरट्यावरचा पक्षी तुमच्यामुळे उठला आणि दहा मिनिटांत परतला नाही तर त्या दिवशी उठून जा. मे महिन्याच्या उन्हात उघडी पडलेली अंडी तापतात, तान्ही पिल्लं तर त्याहून लवकर. कावळा माणसाचा चेहरा लक्षात ठेवतो, हेही विसरू नका. सिएटलमध्ये मुखवटे घालून अमेरिकी कावळ्यांवर केलेल्या प्रयोगांत, त्रास देणाऱ्या चेहऱ्यावर ते पुढची कित्येक वर्षं ओरडत राहिले. आपला गावकावळा वेगळ्या जातीचा, पण एकदा चिडवलेल्या माणसाला तोही सुखासुखी खिडकीत बसू देत नाही.

दुर्बीण ८×४२ ची घ्या. आठ म्हणजे आठ पट मोठं दिसणं, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. १०×५० ची घेतली तर प्रतिमा मोठी दिसते खरी, पण हात थरथरतात आणि अर्ध्या तासात खांदे भरून येतात. दुर्बिणीच्या मागच्या भिंगाला मोबाइलचा कॅमेरा टेकवून फोटो निघतो, सवयीने जमतं. फ्लॅश नको, ड्रोन तर अजिबात नको. वही आणि पेन्सिल घ्या. पेनाची शाई जूनमध्ये पसरते.

आणि निरीक्षण चालू असताना त्या कावळ्यांना पोळी-शेव घालू नका. खिडकीत खाऊ मिळायला लागला की ते घरट्याऐवजी तुमच्या ग्रिलवर येऊन बसतात, आणि ‘दर तासाला किती वेळा भरवलं’ ही नोंद कुचकामी होते.

वागण्यावरून टप्पा ओळखणं

बांधकाम चालू असताना चोचीत काय आहे ते बघा. सुरुवातीला जाड काटक्या, बऱ्याचदा झाडावरूनच मोडलेल्या: कावळा फांदीचं टोक चोचीत धरून पिळतो, तुटली नाही तर सोडून दुसरी धरतो. शहरात त्यात खराट्याच्या काड्या, सेंट्रिंगची तार, केबलचे तुकडे आणि हँगर मिसळतात. तार काटकीपेक्षा लवचिक असते आणि वाकवली की तशीच राहते, त्यामुळे घरटं घट्ट बसतं. चिऊ-काऊच्या गोष्टीतलं शेणाचं घर वाहून गेलं असेल, मुंबईतलं तारेचं घर दोन पावसाळे टिकतं. शेजारच्या घरट्यातून काटकी चोरणारे कावळेही दिसतील. तीही नोंद करा, ते नेहमीचंच आहे.

चोचीत काथ्या, चिंध्या, केस, गादीचा कापूस दिसू लागला म्हणजे आतली वाटी सारवली जातेय. अंडी आता फार लांब नाहीत.

मग अचानक शांतता होते. नवशिके इथे ‘घरटं सोडून दिलं’ असं लिहून मोकळे होतात, आणि नेमकं तेव्हाच खरं काम सुरू झालेलं असतं. दुर्बीण घरट्याच्या काठावर रोखून धरा. एका बाजूने तिरकी वर आलेली काळी शेपूट आणि कधीकधी दुसऱ्या बाजूला चोचीचं टोक दिसेल. कावळा अंड्यांवर बसलाय. शेपटीची दिशा मधूनमधून बदलते, कारण बसलेला पक्षी उठून अंडी फिरवतो आणि वळून पुन्हा बसतो. अंडी साधारण चार-पाच, फिकट निळसर-हिरवी, तपकिरी ठिपक्यांची असतात. ती दिसणार नाहीत आणि बघायची गरजही नाही.

नोंद अशी दिसावी:

‘२७ एप्रिल. सोनमोहर, तिसऱ्या मजल्याच्या पातळीवर, पूर्वेची फांदी. ६.२० शेपूट उत्तरेकडे. ६.४७ दुसरा काठावर आला, घसा फुगलेला. बसलेल्याने पंख थरथरवून चोच उघडली, त्याने भरवलं. ६.४९ दुसरा गेला. शेपूट आता पश्चिमेकडे. ७.०० पर्यंत घरटं रिकामं: ० मिनिटं.’

यातलं शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. रोज सकाळी चाळीस मिनिटांत घरटं किती मिनिटं रिकामं होतं, एवढा एकच आकडा नेमाने लिहिला तरी सगळा आलेख उभा राहतो. बांधकामात घरटं बराच वेळ रिकामं, अंडी असताना जवळजवळ शून्य, पिल्लं लहान असताना कमी, आणि पिसं फुटली की आई-बाप दोघंही बाहेर, म्हणून आकडा पुन्हा वाढतो.

उबवणीला सोळा-सतरा दिवस लागतात. २७ एप्रिलला पक्का बसलेला दिसला तर १३-१४ मेच्या आसपास पिल्लं येतील. फुटल्याची खूण अशी: आलेला कावळा काठावर उभा राहून मान आत घालतो, दोन-तीनदा वाकतो, आणि जाताना कधी चोचीत पांढरी पुडी घेऊन उडतो. ती पिल्लांची शी. तीन ते चार आठवड्यांनी पिल्लं घरटं सोडतात, म्हणजे या हिशेबाने ३ ते ११ जून. मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख ११ जून आहे. उशिरा बांधलेल्या घरट्यातली पिल्लं पहिल्या जोरदार सरीत सापडतात, आणि पडलेल्या पिल्लांचे फोन जूनमध्येच का वाढतात ते यावरून लक्षात यावं.

गावाकडे कावळ्याने घरटं कुठल्या झाडावर, कुठल्या बाजूला, किती उंच बांधलं यावरून पावसाचा अंदाज बांधतात: आंब्यावर चांगला, बाभळीवर वाईट, वगैरे. मुंबईत बाभूळ शोधून सापडत नाही, तेव्हा ठोकताळा जरा अवघड होतो. तरी झाड, दिशा आणि उंची लिहून ठेवा. पाच-सहा वर्षांच्या वह्या झाल्या की स्वतःच ताडून बघता येईल.

कोकीळ कुठे येतो

कोकीळ ओरडत असलेल्या झाडाजवळचं घरटं मिळालं तर ते सोडू नका. काळा, लाल डोळ्यांचा नर मुद्दाम समोर येऊन ओरडतो, कावळे त्याच्या मागे लागतात, आणि ठिपक्याठिपक्यांची तपकिरी मादी तेवढ्यात घरट्यात अंडं घालते. दोन्ही कावळे एकदम उडाले की नजर पाठलागावर जाऊ देऊ नका, दुर्बीण घरट्यावरच ठेवा. मादी काही सेकंदांतच निघून जाते. एकाच घरट्यात कोकिळेची एकाहून अधिक अंडी असू शकतात. ती कावळ्याच्या अंड्यांपेक्षा लहान असतात आणि दोन-तीन दिवस आधी फुटतात, त्यामुळे ते पिल्लू जेवणाच्या रांगेत पुढे राहतं. पण युरोपातल्या कोकिळेसारखं ते यजमानाची अंडी ढकलून देत नाही, दोन्ही जातींची पिल्लं एकत्र वाढलेली दिसू शकतात. जून-जुलैत कावळा एखाद्या ठिपकेदार पिल्लाला भरवताना दिसला तर वहीत लाल खूण करा.

डोक्यावर टोच आणि जमिनीवरचं पिल्लू

पिल्लं उडायला लागण्याच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा कावळे आक्रमक असतात. हल्ला बहुतेक मागून, डोक्यावर होतो. त्या झाडाखालून जाताना छत्री उघडा, किंवा मागे वळून बघत चाला. समोरून बघणाऱ्यावर ते सहसा झेपावत नाहीत. दगड मारणं हा सर्वांत वाईट उपाय, त्याने पुढचे पंधरा दिवस वाईट जातात.

खाली आलेलं पिल्लू म्हणजे अनाथ पिल्लू नव्हे. अंगावर पिसं आहेत, शेपूट आखूड आहे, चोचीचे कोपरे गुलाबी आहेत आणि ते उड्या मारतंय? मग आई-बाप जवळच आहेत. कुत्रा-मांजर असेल तर हेल्मेट घालून उचला आणि जवळच्या खालच्या फांदीवर ठेवा. माणसाचा हात लागला की कावळे पिल्लू टाकून देतात, हा गैरसमज आहे. घरी नेऊन दूध-भात घालू नका. दूध पक्ष्यांना पचत नाही आणि पातळ काहीही श्वासनळीत जाऊ शकतं. पंख तुटलेला किंवा रक्त असेल तर हवेशीर खोक्यात ठेवून परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांच्या रुग्णालयात न्या, किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. मेलेला कावळा उघड्या हाताने उचलू नका. जानेवारी २०२१ मध्ये राज्यातल्या मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू सापडला होता.

छाटणीचं वेळापत्रक

सोसायट्यांमध्ये पावसाळ्याआधीची झाडांची छाटणी एप्रिल-मेमध्ये निघते, म्हणजे नेमकी अंड्यांच्या दिवसांत. १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष कायद्यामुळे झाडाला हात लावायला पालिकेची परवानगी लागतेच. तेव्हा अर्ज वॉर्डच्या उद्यान विभागात जानेवारीत टाका आणि फांद्या फेब्रुवारीत उतरवून घ्या. ते राहून गेलं तर घरट्याची फांदी कुठली ते माळ्याला आणि वॉचमनला आधीच दाखवा आणि तेवढी फांदी सोडायला सांगा. ‘कावळाच तर आहे’ असं म्हणणारा कोणी भेटेलच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कावळा खरोखरच उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होता, पण २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली. विजेच्या खांबावरचं घरटं मात्र काठीने पाडू नका. त्यातल्या तारेतून झटका बसतो. वीजकंपनीला कळवा.

पिल्लं उडून गेल्यावर घरटं तसंच राहू द्या. जुलै-ऑगस्टच्या वाऱ्यात एखादं खाली पडलं तर हातमोजे घालून वर्तमानपत्रावर सोडवा. काटक्या मोजा, तारा मोजा, सर्वांत लांब तार टेपने मापा, वाटीतला काथ्या आणि केस वेगळे करा आणि आकडे त्याच वहीत त्या झाडाच्या पानावर लिहा. मग हात साबणाने धुवा. काटक्या-काथ्या ओल्या कचऱ्यात, तारा सुक्या कचऱ्यात.